पाण्याची वर्गणी

दुपारची भांडी घासून दोन घटका टेकलेल्या, बांधावर बसून मोबाईलवर ऐकणाऱ्या, आणि पुढे हे मासिकात छापून आलं की गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या, सगळ्यांना आमचा रामराम.

आज आम्ही पाण्याच्या पैशाची गोष्ट सांगणार आहोत. तिला निमित्त घडलं. मागच्या महिन्यात आमच्या गावात ग्रामसभेची नोटीस लागली. नळयोजनेसाठी लोकवर्गणी गोळा करायची होती. संध्याकाळी गटाची बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले आणि एकीनं विचारलं, "पाणी देणं सरकारचं काम. मग आम्ही पैसे का भरायचे?" तिचं बोलणं पुरं होतंय तोवर दुसरी म्हणाली, "भरायला ना नाही गं. पण मागल्या खेपेला भरले म्हणतात, त्याचं काय झालं?" कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी तिसरंच काढलं. "तुम्ही भराल. आमच्या वरच्या वस्तीवर पाणी चढणार आहे का, ते आधी सांगा."

तिन्ही प्रश्न खरे होते आणि उत्तर कुणालाच देता येईना. मग आम्ही रेडिओच्या कामातल्या सात जणींनी ठरवलं, आपल्याआधी कुणी कुणी पाण्यासाठी पैसा उभा केला ते बघू. पुस्तकं चाळली, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. जे हाती लागलं ते सांगतो. तुमच्याही गावात नोटीस लागली असेल किंवा लागेल, तेव्हा कामाला येईल.

दात्यांची विहीर

फार मागं गेलं तर पाण्याला वर्गणी नव्हती, दान होतं. राजानं, सावकारानं, एखाद्या तालेवार घरानं विहीर खणायची, बारव बांधायची आणि पुण्य जोडायचं. आपल्या चौंडीच्या लेकीचं, अहिल्याबाई होळकरांचं नाव यात पहिलं येतं. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी कारभार पाहिला. महेश्वरात बसून त्यांनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या आणि त्यासाठी आपल्या खासगी उत्पन्नातला पैसा वापरला. आजही कितीतरी गावांत जुनी बारव दाखवताना लोक त्यांचंच नाव घेतात.

दानाच्या पाण्याला हिशोब विचारायचा नसतो. ज्यानं दिलं त्याचे आभार मानायचे आणि प्यायचं. पण प्यायचं कुणी, हे दाता ठरवायचा किंवा गाव ठरवायचं. ज्यांनी दगड फोडले, गाळ उपसला, त्यातल्या कितीतरी जणांना त्याच पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घ्यायचं. आमच्या काही आज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, काहींनी सोसलंय.

ही रीत मोडायला पुण्यात एका घरानं सुरुवात केली. १८६८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. घर त्यांचं, हौद त्यांचा, पाणी सगळ्यांचं. आज वाचताना ही साधी गोष्ट वाटते. पण ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानत, त्या काळात दारात येऊन कुणीही घागर भरावी असं म्हणायला मोठी छाती लागत होती.

चाळीस रुपयांचं पाणी

महाडचं चवदार तळं आपल्याला ठाऊक आहे. पण त्यातली पैशाची गोष्ट आम्हाला आत्ता वाचताना कळली.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव आणला, की सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पण तळ्यावर जायची कुणाची हिंमत होईना, कारण गाव जाऊ देत नव्हतं. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. कुलाबा, रत्नागिरी आणि आणखी कुठून कुठून हजारो माणसं चालत आली.

आता मार्च महिना, कोकणातला उकाडा आणि हजारो माणसं. प्यायला पाणी हवं. तळं तर भरलेलं होतं. पण त्या तळ्यावर जाता येत नाही म्हणून परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात ही नोंद आहे. मजुराला दिवसाला काही आणे मिळायचे, त्या काळातले ते ४० रुपये. आलेली माणसं कुणी शेतमजूर, कुणी गावकामगार, कुणी पलटणीतून निवृत्त झालेली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पैशातून त्यांनी पाणी घेतलं, तेही समोर तळं भरलेलं असताना.

२० मार्चला सगळे रांगेनं तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मग बाकीच्यांनी. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, मंडपातलं अन्न मातीत मिसळलं, आणि पुढे तळं 'शुद्ध' करून घेण्याचा विधीही झाला. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. तेव्हा बायाही मोठ्या संख्येनं आल्या होत्या. तळ्यावरून कोर्टात दावा लागला आणि तो दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, की हे तळं काही खासगी मालकीचं नाही आणि अस्पृश्यांना त्यापासून अडवता येणार नाही.

आम्ही यातून एक गोष्ट गाठीला बांधली. पैसा मोजला म्हणून पाण्यावर हक्क मिळतो असं नाही. महाडात त्या माणसांनी पैसा मोजला होता, तरी ते पाणी विकतचं होतं, हक्काचं नव्हतं. हक्क मिळाला तो तळ्यावर गेल्यावर आणि कोर्टात टिकून राहिल्यावर. पण हेही खरं, की परिषद भरवायला, कोर्टात उभं राहायला पैसा लागतोच. तो दुसऱ्याच्या खिशातून आला असता तर दहा वर्षं कोण थांबलं असतं?

नारू आणि हातपंप

आता 'स्वच्छ' पाण्याकडे येऊ. कारण पाणी असणं वेगळं आणि पिण्याजोगं असणं वेगळं.

ज्या मावश्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटला की दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला. ऐन पेरणीत घरातलं करतं माणूस पडलं तर वर्ष गेलंच म्हणायचं.

हा किडा यायचा कुठून? आपल्या त्याच देखण्या पायऱ्यांच्या बारवांतून. फोड आलेला पाय पाण्यात बुडाला की किडा त्यात हजारो पिल्लं सोडायचा. पाण्यातले अगदी बारीक जीव ती गिळायचे. आपण ते पाणी प्यालो, की वर्षभरानं आपल्या पायाला फोड. दान देणाऱ्यानं पुण्य जोडलं, बांधणाऱ्यानं कला दाखवली. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागर भरायची या रीतीत रोग दडला होता, हे त्या काळी कुणाला माहीत नव्हतं.

१९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाची मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करा किंवा त्यांना कठडा बांधा, पाण्यात औषध टाका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. हे शेवटचं काम कुणी केलं? घराघरातल्या बायांनी. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. या रोगावर लस नव्हती, किडा मारणारी गोळी नव्हती. तो गेला तो पाणी सुधारून आणि फडक्यानं गाळून. मैत्रिणींनो, आपल्या आयांच्या हातून घडलेलं हे एवढं मोठं काम आहे, आणि त्याचा कुठे दगड बसवलेला नाही.

विहिरीच्या जागी हळूहळू बोअर आणि हातपंप आले. त्यातही मराठी मातीचा वाटा आहे. सुरुवातीचे पंप ओतीव लोखंडाचे आणि नाजूक होते. एका घरापुरते बनवलेले ते पंप आख्ख्या गावानं दिवसभर हापसले की मोडायचे. १९७०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा देशातले बहुसंख्य हातपंप बंदच होते. तोवर जालन्यातल्या आणि सोलापुरातल्या मिशनच्या कार्यशाळांत पोलादी, दणकट पंप तयार झाले होते. त्याच रचनेवरून युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क-२' नावाचा हातपंप घडला आणि पुढे आफ्रिकेतल्या गावांपर्यंत पोचला. पंप मोडण्यामागं आणखी एक कारण होतं. पंप सरकारनं बसवला, तेव्हा दुरुस्त करणारही सरकारच, असं गाव म्हणायचं. एका वायसरसाठी पंप सहा सहा महिने पडून राहायचा आणि बाया पुन्हा जुन्या विहिरीवर जायच्या. फुकट मिळालेल्या वस्तूचं हे असं होतं.

नायगावचा वीस टक्क्यांचा नियम

१९७२चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, मिलो ज्वारी. त्यावर वेगळं बोलू कधीतरी. त्या दुष्काळात पुण्यातले एक कारखानदार इंजिनिअर, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरत होते. हजारो माणसं रस्त्यावर खडी फोडतायत आणि पुढच्या पावसाचं पाणी अडवायची सोय मात्र होत नाही, हे त्यांना खटकलं. नायगावला देवस्थानची ४० एकर माळरान जमीन त्यांनी कसायला घेतली. पत्नी कल्पनाताईंसह तिथं राहून उताराला बांध घातले, पायथ्याशी पाणी साठवलं आणि उजाड जमीन पिकवून दाखवली. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली.

त्यांचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि पैशाचा नियम असा, की योजनेच्या खर्चातले २० टक्के लाभ घेणाऱ्यांनी आधी भरायचे. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून आणि उरलेले ३० टक्के संस्थेकडून बिनव्याजी.

आम्ही या वीस टक्क्यांवर बराच वेळ बोललो. दुष्काळानं पिचलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे म्हणजे निर्दयपणा वाटतो. पण ते पैसे आधी भरल्यामुळं दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गटातला प्रत्येक जण मालक झाला. पाटकरी नेमला तो गटानं, त्याला पगार दिला गटानं, म्हणून चुकला तर जाब विचारायचा अधिकारही गटाचा. दुसरी म्हणजे वाटणीचे नियम आधी ठरले आणि पैसे मग भरले. हा क्रम ध्यानात ठेवा. आपल्याकडे बहुतेक वेळा पैसे आधी गोळा होतात आणि वाटणीचं भांडण पाइप टाकल्यावर सुरू होतं.

वाळू विकून बांधलेलं धरण

आता सांगतो ती गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातून येरळा नदी वाहते. वाहते म्हणायचं, कारण वर्षातला बराच काळ ती कोरडी. म्हातारी माणसं सांगायची, आमच्या लहानपणी हिला बारमाही पाणी होतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. संप लांबला, तसे ते गावी परतले. गावात काय होतं? दुष्काळ. घरी बसलेला गिरणी कामगार आणि रोजगार हमीवर जाणारी त्याची बायको. पण या माणसांना संघटना कशी करायची ते ठाऊक होतं. डॉ. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. 'मुक्ती संघर्ष' नावानं चळवळ उभी राहिली. आधी मागणी होती रोजगार हमीच्या कामाची. मग प्रश्न पुढे गेला. दरवर्षी आपण खडीच फोडायची का? दुष्काळ हटेल असं काम का काढत नाही?

गावकऱ्यांनी शास्त्र जाणणाऱ्या माणसांना सोबत घेऊन आपल्याच नदीचा अभ्यास केला. शहरातल्या बांधकामांसाठी ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू उपसत होते. नदीतली वाळू स्पंजासारखी असते. पावसाचं पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू पुरवते. वाळू गेली की पाणी गेलं आणि विहिरी आटल्या. म्हणजे गावाचं पाणी ट्रकात भरून चाललं होतं आणि पैसा ठेकेदाराच्या खिशात.

बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवलं, ठेकेदाराचा उपसा थांबवायचा. आणि नदीला सोसेल एवढीच थोडी वाळू आपण स्वतः विकून त्या पैशातून धरण बांधायचं. के. आर. दाते यांच्यासारख्या अनुभवी इंजिनिअरनं आराखड्याला मदत केली. लोकांनी श्रमदान केलं. शहरातल्या सहानुभूती असलेल्या लोकांनी मदत आणि उसनवार दिली. सरकारची परवानगी सहज मिळाली नाही, त्यासाठीही लढावं लागलं. १९८०चं दशक संपता संपता धरण उभं राहिलं. नाव दिलं 'बळीराजा स्मृती धरण'. पाडव्याला ओवाळताना आपण ज्या बळीचं राज्य येवो म्हणतो, तोच हा बळी.

आणि पाण्याची वाटणी कशी ठरवली? दोन्ही गावांतल्या प्रत्येक घराला सारखा वाटा. भूमिहीनालाही आणि एकट्या राहणाऱ्या बाईलाही. जमीन नसेल तर तिनं आपला वाटा दुसऱ्याच्या शेतात लावावा आणि अर्धलीनं पीक घ्यावं. पाण्यावर आपला हक्क आहे हे एकदा मान्य झालं, की हात जोडून उभं राहावं लागत नाही.

बायांनो, या गोष्टीत पैसा कुठून आला ते बघा. दानातून नाही, गरिबाच्या डब्यातूनही नाही. गावाचीच जी संपत्ती चोरीला जात होती, ती अडवून पैसा उभा केला. गटात बसाल तेव्हा हा प्रश्न नक्की विचारा, की वर्गणीसाठी घराघरांत जाण्याआधी गावाचं असं काय काय बाहेर चाललंय?

वर्गणी भरली म्हणजे तोंड मिटलं का?

काही जणी म्हणतील, पैसे भरायला लागलो तर सरकार अंग काढून घेईल. ही भीती खोटी नाही. म्हणून गोरेगावच्या मृणालताई गोरे यांची आठवण ठेवायची. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. वस्त्यांना नळ मिळावेत म्हणून त्यांनी मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. नळाची पट्टी भरायला त्या बाया तयार होत्याच. पण पाणी ही भीक नाही, देणं तुमचं कर्तव्य आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. वर्गणी भरणं आणि हक्क मागणं या दोन्ही गोष्टी एकाच हातानं करता येतात. उलट पावती हातात असली की आवाज जरा जास्तच चढतो.

दहा टक्क्यांची गोष्ट

आता आपल्या काळात येऊ. २५ डिसेंबर २००२ ला केंद्राची 'स्वजलधारा' योजना आली. त्यात गावानं खर्चाचा दहावा हिस्सा भरायचा होता. त्यानंतर आपल्या राज्यात जागतिक बँकेच्या मदतीनं 'जलस्वराज्य' प्रकल्प आला. त्यातही लोकवर्गणी होती. पण त्याबरोबर गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तिच्यात निम्म्या बाया, ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा आणि हिशोब तपासायला गावातलीच वेगळी समिती असंही ठरलं. कागदावर हे फार चांगलं होतं. जिथं बाया खरोखर बसल्या, तिथं पाणी आलं आणि टिकलं.

आणि जिथं नाही बसल्या, तिथं काय झालं तेही सांगतो. नाव घेत नाही, पण आमच्या चार गावांपैकीच एका गावची गोष्ट. योजना मंजूर झाली. वर्गणी कुणीच गोळा केली नाही. गावाला सांगितलं, "काळजी करू नका, ठेकेदार भरतोय." सगळ्यांना बरं वाटलं. पैसे वाचले! कागदोपत्री यादी मात्र घरोघरची लागली. पुष्कळ वर्षांनी आमच्यातल्या एकीनं ती यादी पाहिली. तिच्या सासूबाईंच्या नावापुढे पाचशे रुपये लिहिले होते आणि पुढे अंगठा होता. त्या त्याआधी दोन वर्षं वारल्या होत्या.

ठेकेदारानं आपला हिस्सा भरला म्हणजे तो कुठून वसूल केला? पाइप हलका आला, चर उथळ खणला, टाकीला भेग राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात मोटार जळली. जाब विचारायला गेलो तर उलट विचारलं, "तुम्ही कुठं पैसे भरलेत?" उत्तर नव्हतं. त्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर, पुन्हा रात्रीची रांग. फुकटची वर्गणी आम्हाला फार महाग पडली.

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. गावातल्या योजनेच्या खर्चात गावाचा हिस्सा १० टक्के. डोंगरी, जंगली भागात आणि जिथं निम्म्याहून जास्त लोक अनुसूचित जाती-जमातीचे आहेत, तिथं ५ टक्के. तो रोखीनं भरता येतो, वस्तूनं देता येतो, श्रमानंही देता येतो. पाणी समितीत निम्म्या बाया असाव्यात आणि गावातल्या पाच जणींना पाणी तपासायचं शिक्षण मिळावं, असंही त्यात आहे.

एक हिशोब करून बघू. समजा योजना ६० लाखांची. दहा टक्के म्हणजे ६ लाख. गावात ३०० घरं. घरटी २,००० रुपये. ज्याच्या वाड्याला दोन गाड्या आणि शेताला ठिबक, त्यालाही दोन हजार, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्यालाही दोन हजार? हे आपणच ठरवायचं असतं. ज्यांना झेपत नाही त्यांचा हिस्सा चर खणण्याच्या मजुरीत धरता येतो. ऊसतोडीला गेलेल्यांकडून ते परतल्यावर घेता येतो. पण हे ग्रामसभेत आधी लिहून घ्यावं लागतं.

पावती फाडण्याआधी

एवढं सगळं वाचून आम्ही गटापुढं काही गोष्टी ठेवल्या. पैसे देणाऱ्या प्रत्येकीला नंबर घातलेली पावती मिळावी. ठेकेदाराकडून किंवा पुढाऱ्याकडून गावाचा हिस्सा घेऊ नये, कितीही गोड बोलला तरी. समितीच्या बँक खात्याची शिल्लक दर महिन्याला पाटीवर लिहावी. वर्गणी एकदाच भरायची असली तरी पाणीपट्टी कायमची आहे. विजेचं बिल, मोटारीची दुरुस्ती, टीसीएल पावडर हे सगळं त्यातूनच यायचं. आणि टीसीएल रोज पडते की नाही, हे जलसुरक्षकानं सांगितलं म्हणून मानू नये. ओ.टी. चाचणी आपल्यासमोर, आणि तीही शेवटच्या घराच्या नळावर करायला लावावी. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं. नाही झालं तर तो नळ दिसायला नवा, पाणी मात्र जुन्या बारवेचंच. ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालं की पिवळं की लाल, तेही ग्रामसभेत विचारावं.

उरला मावशींचा प्रश्न. आम्ही योजनेचा नकाशा मागून घेतला. पाइप देवळाच्या चौकापर्यंत येतो. वरच्या वस्तीवरची चौदा घरं नकाशात नाहीत. उंचावर आहेत, वेगळी टाकी लागेल, खर्च वाढेल असं सांगण्यात आलं.

त्या रात्री गटात भांडण झालं, लपवत नाही. एक बाजू म्हणाली, चौदा घरांसाठी आख्ख्या गावाची योजना अडवायची का? मुदत टळली तर कुणालाच पाणी नाही. दुसरी म्हणाली, आज त्यांना सोडून पैसे भरले तर परत कुणी त्यांचं नाव काढणार नाही. खूप वेळ कुणी बोललं नाही. मग मावशीच म्हणाल्या, "पैसे गोळा करा. आम्ही पण देतो. पण पावती फाडू नका. नकाशात आमची घरं आली की मग फाडा."

तसंच केलं आहे. गटानं घरोघर जाऊन पैसे जमवले. वरच्या वस्तीवरच्या अकरा घरांनी दिले, तीन घरं कोयत्यावर गेलीत. पैसे गटाच्या खात्यात ठेवले आहेत आणि वहीत प्रत्येकीची सही आहे. चौदा घरांसाठी टाकी धरून अंदाजपत्रक सुधारून द्या, असा अर्ज ग्रामसभेपुढं दिला आहे. त्यावर एकशे बेचाळीस जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत, आणि या वेळी सगळ्या जिवंत आहेत.

ग्रामसभा येत्या सोमवारी आहे. काय होईल ते पुढच्या भागात सांगू. तुमच्या गावात नकाशा बाहेर कुणी काढून पाहिलाय का, शेवटचं घर त्यात आहे का, ते आम्हाला फोन करून कळवा. तोवर रामराम.